भाड्याच्या फ्लॅटमध्ये ईएलसीबी सारखा पडतोय? डायरेक्ट करून घ्यायच्या आधी हे वाचा

मागच्या पावसाळ्यात जूनपासून आमच्याकडे सकाळी साडेसहा ते सातच्या मध्ये रोज एकदा तरी खटकन आवाज यायचा आणि घर गप्प. पंखा बंद, मिक्सर बंद, बाथरूममधून आईची हाक, "अरे परत गेले का रे लाइट?" मग मी ब्रश तोंडात धरून स्टुलावर चढायचो आणि दाराच्या वरची डीबी, म्हणजे घरातल्या मेन स्विचांची पेटी, उघडून तो मोठा स्विच, ईएलसीबी, वर करायचो. कधी राहायचा, कधी लगेच परत पडायचा. पुण्यात सिंहगड रोडला भाड्याचा टू-बीएचके, पंचवीसेक वर्षं जुनी बिल्डिंग, मालक काका नाशिकला. अडीच महिने, तीन वायरमन आणि काकांशी दोनदा आवाज चढवून बोलणं, एवढं झाल्यावर खरं कारण सापडलं, म्हणून सविस्तर लिहितोय, कारण शोधायला बसलो तेव्हा जो तो एकच सल्ला देत होता, "डायरेक्ट करून टाका." म्हणजे ईएलसीबी वगळून वायर सरळ जोडून टाका.

पहिला वायरमन हेच म्हणाला. पाच मिनिटं बघितलं, नवीन टेस्टर दोन ठिकाणी टोचला आणि म्हणाला ईएलसीबीच गेलाय साहेब, पावसात असं होतंच, बायपास करून देतो, तीनशे द्या. मी जवळजवळ हो म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू, सकाळी ऑफिसची घाई असते आणि तीनशेत कटकट जात असेल तर कोण नाही म्हणेल. आईने अडवलं. आमच्या खालच्या मजल्यावर दोन वर्षांपूर्वी असंच डायरेक्ट करून घेतलं होतं, आणि त्यांच्या गिझरच्या सॉकेटला अर्थची वायरच जोडलेली नव्हती, तर शॉवरच्या नळाला हात लावला की मुंग्या यायच्या त्यांना. मुंग्यांवर भागलं म्हणून ठीक.

तर आधी हे समजून घ्या की हा स्विच करतो काय. आपण सगळे ईएलसीबी म्हणतो, आजकाल बसवतात तो आरसीसीबी, त्यावर ३० एमए म्हणजे ३० मिलीअँपिअर लिहिलेलं असतं. फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो सतत मोजतो. फरक पडला म्हणजे करंट कुठेतरी तिसऱ्या वाटेने निघून चाललाय, भिंतीतून, गिझरच्या टाकीतून, नाहीतर तुमच्या अंगातून. फरक ३० मिलीअँपिअरला पोचायच्या आत तो पडलाच पाहिजे, १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, आणि तेही ०.३ सेकंदाच्या आत. शेजारी ज्या छोट्या एमसीबी असतात, ६, १०, १६ अँपिअरच्या, त्या वायर जळू नये म्हणून असतात, माणसासाठी नाहीत. १६ अँपिअर कुठे आणि माणसाच्या छातीतून जाणारा अँपिअरचा दहावा भाग कुठे, तेवढ्यात माणूस जाऊ शकतो आणि एमसीबी ढिम्म हलणार नाही. त्यामुळे ईएलसीबी डायरेक्ट करणे म्हणजे गॅसचा वास येतोय म्हणून नाकात बोळे घालणे. (आणि ईएलसीबी आहे म्हणून बिनधास्तही होऊ नका, लाकडी स्टुलावर उभं राहून एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात तर त्याला फरकच दिसत नाही, तो पडणार नाही.)

आता तपासणी. आधी बघा पडतोय कोण. नुसती एक छोटी एमसीबी पडत असेल तर तो लोडचा नाहीतर शॉर्टचा मामला, वेगळा विषय. मोठा, टी लिहिलेलं बटण असलेला पडत असेल तर गळती. टी दाबून बघा, खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर तो खरंच मेलाय, बदला. हे बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं, आमच्या ओळखीत एकही माणूस दाबत नाही. फक्त एक गैरसमज काढून टाका, टी दाबल्यावर पडला म्हणजे घराचं अर्थिंग चांगलं आहे असं अजिबात नाही, त्या बटणाला अर्थिंग लागतच नाही.

मग सगळ्या एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा, आणि एकेक एमसीबी वर करत जा, प्रत्येकीनंतर दोन-तीन मिनिटं थांबा, गिझर-फ्रिज-वॉशिंग मशीन प्रत्यक्ष चालू करून. ज्या एमसीबीला पडतो त्या लाइनवरचं सगळं सॉकेटमधून उपटा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, पिन बाहेर काढा. पिन काढल्यावर पडायचा थांबला तर वस्तूत दोष, तरी पडतोय तर भिंतीतल्या वायरिंगमध्ये. ही एवढी विभागणी तुम्ही स्वतः करून ठेवलीत तर वायरमनचा निम्मा वेळ वाचतो आणि मालकाशी बोलताना हातात काहीतरी ठोस असतं. बोर्ड मात्र स्वतः उघडू नका. आणि जळका वास येत असेल, बोर्ड हाताला गरम लागत असेल, डीबीत पाणी उतरलं असेल, कुठेही शॉक बसत असेल तर हे काहीच करायचं नाही, मेन बंद आणि माणूस बोलवा.

आमच्याकडे पहिल्या फेरीत गिझर पकडला गेला. चालू केल्यावर लगेच नाही, सहा-सात मिनिटांनी पाणी तापल्यावर पडायचा. एलिमेंट बाहेर काढलं तर त्यावर पांढऱ्या क्षाराचा बोटभर थर, आणि खाली नळीला केसाएवढी चीर. आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकरचं पाणी, त्याचा प्रसाद. एलिमेंट साडेसहाशे, मजुरी चारशे. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी खटक.

पण आता प्रकार बदलला होता, आणि इथेच आमचा महिना गेला. गिझर एकटा लावला तर पडायचा नाही. इस्त्री एकटी लावली तरी बहुतेक वेळा पडायचा नाही. दोन्ही एकदम लागले की पडायचा. आणि पाऊस असला की जास्त. दुसरा वायरमन आला तो म्हणाला लोड जास्त होतोय, ४० चा काढून ६३ चा टाकू. हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं! पण आरसीसीबी लोडने पडतच नाही. त्यावरचे ४० अँपिअर म्हणजे तो स्वतः एवढा करंट वाहून नेऊ शकतो, बस. २००० वॉटचा गिझर साडेआठ-नऊ अँपिअर, इस्त्री चार-साडेचार, तेरा अँपिअरला ४० चा का रडेल? मग म्हणाला १०० एमएचा टाकू, तो पडणार नाही. ते मात्र खरं आहे, तो पडला नसता, पण १०० मिलीअँपिअरचा माणूस वाचवायला नसतो, आग लागू नये म्हणून मेनला लावतात. घरात ३० चाच. कोणी १०० चा लावून दिला आणि "बघा प्रॉब्लेम गेला" म्हणाला तर प्रॉब्लेम तसाच आहे, फक्त सांगणाऱ्याचं तोंड दाबलंय.

तिसरे आले ते परवानाधारक कंत्राटदाराकडचे, साठीच्या आसपासचे मामा, सोबत मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र. त्यांनी आधी विचारलं, कधी पडतो ते सांगा, काय चालू असतं ते सांगा. मी म्हटलं पावसात. ते म्हणाले पावसात तुम्ही काय वेगळं करता? बायको म्हणाली, कपडे वाळत नाहीत म्हणून रोज सकाळी दमट शर्ट इस्त्री करून घालतो हा. मामा हसले. अडीच महिने आम्ही भिंतीच्या ओलीला शिव्या देत होतो.

त्यांनी समजावलं ते असं. आपल्याकडे बहुतेक घरात एमसीबी सिंगल पोल, म्हणजे खाली केली तरी फेजच तुटते, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. आता घरात कुठेही न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर लोड कमी असताना त्यातून फारसं काही जात नाही, पण मोठा लोड लागला की परत जाणाऱ्या करंटचा थोडा हिस्सा न्यूट्रल सोडून अर्थच्या वाटेने जातो, ३० मिलीअँपिअर म्हणजे काहीच नाही, आणि ईएलसीबी पडतो. म्हणजे दोष गिझरमध्ये नाही, इस्त्रीत नाही, भलत्याच लाइनवर, जिची एमसीबी कदाचित बंदच आहे. म्हणून एकेक एमसीबी वर करायच्या चाचणीत हा कधी सापडत नाही. ही एक ओळ मला जूनमध्ये कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

मेन बंद करून, सगळ्या वस्तू उपटून, मामांनी न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवला आणि प्रत्येक वायर अर्थशी मेगर केली. मेगर म्हणजे ५०० व्होल्ट सोडून इन्सुलेशन किती धरून आहे ते बघतात, निदान १ मेगओहम तरी यायला हवं. बाकी सगळ्या भरपूर वर, आणि एक सरळ शून्याला चिकटलेली. ड्राय बाल्कनीची, वॉशिंग मशीनचा पॉइंट. आमचं मशीन तिथे नाहीच, बाथरूममध्ये आहे, तो पॉइंट आम्ही एकदाही वापरलेला नव्हता! प्लेट काढली तर आत अर्थला जोडलेला लोखंडी बॉक्स, आणि आधी कधीतरी कुणीतरी प्लेट बसवताना लांब स्क्रू वापरलेला, तो काळ्या, म्हणजे न्यूट्रलच्या, वायरच्या इन्सुलेशनमध्ये शिरून टोकाने तांब्याला घासत होता. एक साधा स्क्रू. मामांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. वायर तेवढी कापून नवीन जोडली, आखूड स्क्रू लावला, बास.

जाताना त्यांनी अर्थिंगही बघितलं. होल्डरला शंभरचा बल्ब, एक वायर फेजला आणि दुसरी अर्थला, लावल्याबरोबर ईएलसीबी खटकन. "अर्थ जिवंत आहे" म्हणाले, "पण किती जिवंत ते यावरून कळत नाही, त्याला मीटर लावून मोजावं लागतं, आणि अर्थिंगचा खड्डा सोसायटीचा आहे." हा प्रयोग घरी करू नका, प्लीज.

इन्व्हर्टर असलेल्यांसाठी एक आगाऊ सूचना, इन्व्हर्टर बसवताना त्याच्या लाइनचा न्यूट्रल आणि बाकी घराचा न्यूट्रल एकत्र करून टाकतात, तिथूनही हेच होतं. आणि घरात दोन-तीन कॉम्प्युटर, यूपीएस, वगैरे असेल तर प्रत्येकाची थोडी थोडी गळती नेहमीचीच असते, सगळी मिळून पंधरा मिलीअँपिअरच्या आसपास गेली की ईएलसीबी नाजूक होतो, मग लाइनी दोन आरसीसीबीवर वाटाव्या लागतात.

आता पैसे. काकांचं पहिलं वाक्य, "आम्ही दहा वर्षं राहिलो तिथे, कधी काही झालं नाही, तुम्हीच काहीतरी लावलं असणार." बहुतेक मालकांचं हेच असतं आणि त्यांना दुष्ट म्हणण्यात अर्थ नाही, लांब बसलेल्या माणसाला भाडेकरू सांगतो ते बहाणाच वाटतं. महावितरणला फोन करूनही उपयोग नसतो, त्यांचं काम मीटरपर्यंत, मीटरच्या पुढची वायरिंग ज्याची जागा त्याची. (सगळ्या विंगचे दिवे मंद-जास्त होत असतील किंवा मीटर रूममधून जळका वास असेल तर मात्र १९१२ ला लगेच लावा, तो त्यांचा किंवा सोसायटीचा प्रश्न आहे.) आणि राहत्या फ्लॅटची दर काही वर्षांनी कुणी येऊन सक्तीने तपासणी करतं असं आपल्याकडे नाहीच. माझा मावसभाऊ इंग्लंडात रीडिंग शहरात भाड्याने राहतो, तिथे २०२० च्या नियमांप्रमाणे मालकाला निदान दर पाच वर्षांनी पात्र माणसाकडून घराची वायरिंग तपासून घ्यावी लागते, रिपोर्टची प्रत भाडेकरूला द्यावी लागते, आणि धोक्याचं काही निघालं तर २८ दिवसांत, किंवा रिपोर्टमध्ये कमी दिले असतील तर तेवढ्यात, दुरुस्ती. त्याने रिपोर्ट पाठवला तर त्यात प्रत्येक दोषापुढे सी१, सी२, सी३ असे शेरे, सी१ म्हणजे आत्ताच धोका. आमच्याकडे शेरा एकच, "चालतंय की."

तरी आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम १४ म्हणतं की वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकाचं काम, भाडेकरूने १५ दिवसांची नोटीस देऊनही केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून भाड्यातून कापू शकतो, पण वर्षभरात कापलेली रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या भागाच्या वर जाता कामा नये. कलम २९ म्हणतं की मालकाने पाणी, वीज असल्या आवश्यक सोयी विनाकारण तोडायच्या नाहीत. आता मेख. आपण बहुतेक जण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतो, आणि कायद्याच्या भाषेत त्यात आपण भाडेकरू नसून परवानगीने राहणारे असतो, त्यामुळे कलम १४ नाचवत काकांवर चाल करून जायचा मोह मी आवरला. आपल्यासाठी खरा कायदा म्हणजे आपला करार, त्यात जे लिहिलंय ते. आमच्या करारात छापील एकच ओळ होती, जागा आहे तशी परत द्यायची, नेहमीची झीज सोडून.

मग वाटणी कशावर करायची? केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि आपल्याकडे १९९९ चाच चालतो, पण त्याच्या परिशिष्टात कामांची यादी चांगली दिलीय. आतली-बाहेरची वायरिंग आणि तिची देखभाल मालकाकडे, स्विच-सॉकेटची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे. मी काकांना तेवढंच सांगितलं, की हे बंधन नाही पण सरकारला काय रास्त वाटतं ते बघा. आणि त्याबरोबर व्हॉट्सअॅपवर क्षार चढलेल्या एलिमेंटचा फोटो, मेगरवरच्या शून्याचा फोटो, मामांचं पावती-पुस्तकातलं बिल ज्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "ड्राय बाल्कनी पॉइंट, जुन्या स्क्रूने न्यूट्रल कट." फोटो बघितल्यावर काकांचा सूर उतरला. "तो पॉइंट आम्हीच बसवून घेतला होता रे, सूनबाई आली तेव्हा." एलिमेंट त्यांचं, कारण गिझर त्यांचा आणि करारातल्या सामानाच्या यादीत होता. वायरिंग त्यांचं. पहिल्या दोन वायरमनची हजेरी मी सोसली, इस्त्रीची वायर मामांनी तपासली तेव्हा पिनेपाशी उकललेली निघाली ती अर्थात आमची. बाकी सप्टेंबरच्या भाड्यातून वजा, काकांचा "ओके" लेखी घेऊन. तोंडी ओकेवर भाडं कापू नका, डिपॉझिट परत घ्यायच्या दिवशी लोकांची स्मरणशक्ती अचानक कमी होते.

नवीन घर बघायला जाल तेव्हा टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघून झाल्यावर डीबी उघडायला लावा. टी लिहिलेला स्विच आहे का, आणि असला तर मालकासमोर दाबा. वायर त्याच्यातून जातेय की बाजूने एक तुकडा टाकून डायरेक्ट केलंय, हे झाकण लावलेलं असताना कळत नाही, पण टी दाबून स्विच पडला आणि तरी घरातले दिवे चालूच राहिले तर समजून जा. गिझर आणि एसीच्या पॉइंटला तीन पिनांचं १६ अँपिअरचं सॉकेट हवं, एक्स्टेंशन लटकत असेल तर विचारा. शक्य असेल तर ताबा घेण्याआधी परवानाधारक माणसाकडून मेगर आणि अर्थिंग करून रिपोर्ट मागा, हजार-दोन हजारांचं काम, अर्धे मी देतो म्हटलं की मालक सहसा अडत नाहीत.

डिसेंबरमध्ये आमचा करार नवा झाला. एजंटला सांगून एक वाक्य घालून घेतलं, "भिंतीतील वायरिंग, डीबी, अर्थिंग व यादीतील विद्युत उपकरणांची दुरुस्ती मालक कळवल्यापासून सात दिवसांत करतील, न झाल्यास राहणारा परवानाधारक व्यक्तीकडून करून घेईल व बिलाची रक्कम भाड्यातून वजा होईल." एजंट म्हणाला असं कुणी घालत नाही. काकांनी सात दिवसांचे दहा केले आणि सही केली. अर्थिंगच्या खड्ड्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिलाय, त्यावर अजून "मीटिंगमध्ये घेऊ" एवढंच आहे.